लोंढ्यानंतरचं पाणी : दक्षिण युटातल्या एका रस्त्याकाठच्या लॉजचं प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या दक्षिण भागात लाल खडकांच्या दऱ्या, सपाट माथ्याची पठारं आणि वर्षातले बहुतेक दिवस कोरडे असणारे ओढे यांचा मोठा प्रदेश आहे. वस्ती अगदी विरळ. याच राज्यात ७० क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गावर ग्रीन रिव्हर ते सलायना हा सुमारे ११० मैलांचा पट्टा आहे आणि त्यात एकही पेट्रोल पंप नाही. हँक्सव्हिल ते ब्लँडिंग हा ९५ क्रमांकाचा रस्ता १९७६ साली पूर्ण झाला. त्याआधी तिथे कच्ची वाट होती. १९५०च्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांचे ट्रक या भागात फिरू लागले आणि त्यांच्या मागोमाग रस्त्याकाठी चार खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पाण्याची सोय एवढ्या भांडवलावर मुक्कामाच्या जागा उभ्या राहिल्या. त्यातल्या काही अजून चालतात.

हे प्रकरण अशाच एका लॉजचं आहे. ओळख पटू नये म्हणून रस्ता, खोल्यांची नेमकी संख्या आणि मालकांचे तपशील मी सांगत नाही. दगडी जुनी इमारत, मागे लाकडी केबिन, पुढे छोटं कॅफे. खोल्यांत टीव्ही नाही, मोबाइलला रेंज नाही, फोन एकच आणि तोही तारेचा. मार्च ते ऑक्टोबर एवढाच हंगाम. एका नवरा-बायकोने ही जागा काही वर्षांपूर्वी विकत घेतली. उन्हाळ्यात त्यांच्याकडे परदेशी विद्यार्थी हंगामी कामाला येतात आणि आवारातल्या ट्रेलरमध्ये राहतात. पुढचा मुक्काम पन्नासहून जास्त मैलांवर. मधला रस्ता मोकळ्या चराऊ रानातला, म्हणजे रात्री गाईगुरं आणि हरणं सरळ रस्त्यावर उभी असतात.

पाणी झऱ्याचं. वरच्या वाळूच्या खडकात मुरलेलं पाणी खालच्या घट्ट थराला अडून कड्याच्या पायथ्याशी बाहेर पडतं. तिथे काँक्रीटची बंदिस्त पेटी बांधलेली आहे. पेटीतून पाणी पाइपने उतरून टाकीत आणि टाकीतून नळांना. पाणी गोड आणि थंडगार. रस्त्यावरच्या पाटीवर ‘झऱ्याचं पाणी’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं आणि दाराबाहेर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी एक फुकटचा नळ होता. त्या नळाबद्दल पुढे बरंच लिहायचं आहे.

एवढ्याशा लॉजचं पाणीही कायद्याच्या भाषेत सार्वजनिक पाणीपुरवठाच असतो. १९७४च्या अमेरिकी पेयजल कायद्यानुसार १५ जोडण्या असतील, किंवा वर्षातले किमान ६० दिवस रोज २५ माणसं ते पाणी वापरत असतील, तर ती व्यवस्था सार्वजनिक ठरते. माणसं रोज बदलत असली तरी नियम तोच. हंगामी जागांना दर वर्षी सुरुवातीला टाकी आणि पाइप धुऊन निर्जंतुक करावे लागतात आणि हंगामात साधारणपणे दर महिन्याला नमुना लॅबला द्यावा लागतो. हे दोघं ते नेमाने करत होते. मागच्या हंगामांचे सगळे नमुने स्वच्छ होते. म्हणूनच पाण्यात सतत क्लोरीन सोडणारा छोटा पंप बसवायचं त्यांनी लांबणीवर टाकलं होतं. खर्च हे एक कारण झालं. पण पाहुणे पाण्याच्या चवीची तारीफ करतात आणि क्लोरीनने ती जाईल, हे त्याहून मोठं कारण होतं.

अडचण

ऑगस्टअखेरच्या एका शनिवारी दुपारी पठारावर ढग फुटला. लॉजच्या अंगणात थेंबही पडला नाही. इथला पाऊस असाच येतो. दहा-वीस मैलांवर पडतो, उघड्या खडकावरून सरसर वाहून घळीत शिरतो आणि निळ्या आभाळाखाली चिखल-ओंडक्यांचा लोंढा खाली येतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी याच राज्यात हिल्डेल गावाजवळ १३ आणि झायन राष्ट्रीय उद्यानातल्या कीहोल घळीत ७ माणसं अशाच पुरांत गेली. त्यामुळे लोंढा आला की इथली माणसं आधी रस्त्याकडे आणि माणसांकडे बघतात, आणि ते योग्यच आहे. या दोघांनीही तेच केलं. रस्त्यावरचा गाळ काढायला मदत केली, अडकलेल्या दोन गाड्यांतल्या लोकांना जेवू घातलं. झऱ्याच्या पेटीपर्यंत कोणी चढून गेलं नाही. नळाला पाणी येत होतं आणि ते स्वच्छ दिसत होतं.

सोमवारी महिन्याचा ठरलेला नमुना घेतला गेला. १०० मिलिलिटरची निर्जंतुक बाटली भरल्यापासून ३० तासांच्या आत लॅबमध्ये तपासणी सुरू व्हावी लागते, आणि मान्यताप्राप्त लॅब गाडीने जवळपास तीन तासांवर. मंगळवारी संध्याकाळी लॅबचा फोन आला : कोलिफॉर्म जंतू आहेत, ई. कोलाय नाहीत.

हा निकाल अवघड असतो, कारण तो अर्धवट आहे. कोलिफॉर्म मातीतही असतात आणि झाडपाल्यावरही. बहुतेक प्रकार निरुपद्रवी. पण ते पाण्यात आले याचा अर्थ बाहेरचं काहीतरी आत यायला वाट झाली आहे. ई. कोलाय सापडले असते तर विष्ठेचा संसर्ग नक्की ठरला असता आणि त्याच दिवशी राज्याला कळवणं बंधनकारक झालं असतं. आत्ता नियम एवढंच मागत होता की २४ तासांत पुन्हा किमान तीन नमुने नळांवरून आणि एक थेट झऱ्यावरून घ्या. पाहुण्यांना सांगण्याची सक्ती नव्हती. त्यात शुक्रवारपासून लेबर डेची (सप्टेंबरचा पहिला सोमवार) जोडून सुट्टी, सगळ्या खोल्या भरलेल्या. वर्षाचा बराचसा हिशेब अशा दोन-तीन सुट्ट्यांवर बसतो.

समोरचे पर्याय

त्या रात्री स्वयंपाकघरात दोघांचं मत जुळलं नाही. नवऱ्याचं म्हणणं असं : नियम मागतो ते करू, निकाल येईपर्यंत कोणाला घाबरवायचं नाही. बहुतेक वेळा दुसरा नमुना स्वच्छ येतो, आणि एकदा ‘इथलं पाणी खराब’ हे शब्द इंटरनेटवर गेले की ते पुसता येत नाहीत. यात लबाडी नव्हती. त्याने नियम वाचला होता आणि तो बरोबर वाचला होता.

बायकोचा प्रश्न एकच होता : शनिवारी लोंढा येऊन गेलाय हे आपल्याला माहीत आहे, ते नियमाला माहीत आहे का? माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हाच आहे. लॅबच्या कागदावर एक अर्धवट निकाल होता, पण या दोघांकडे त्या निकालाच्या जोडीला पुराची बातमीही होती. दोन्ही एकत्र वाचले की ‘मातीतले निरुपद्रवी जंतू असतील’ हा अंदाज टिकत नाही.

तिसरा पर्याय लॉज लगेच बंद करण्याचा. दुरून बघणाऱ्याला तोच सर्वांत सुरक्षित वाटेल. इथे तो तसा नव्हता. त्या रात्री येणारे पाहुणे आधीच वाटेत होते. रेंज नसलेल्या दऱ्यांमध्ये त्यांना गाठणं शक्य नव्हतं. रात्री नऊला दारात आलेल्या, दिवसभर उन्हात चाललेल्या माणसाला परत पाठवायचं म्हणजे पन्नास मैल अंधारात, गुरं आडवी येणाऱ्या रस्त्यावर ढकलायचं. पाण्याचा धोका बाटलीबंद पाण्याने आवरता येतो, त्या रस्त्याचा धोका कशानेच आवरत नाही. दुर्गम जागी ‘बंद करा’ हा सल्ला देणाऱ्याने हा हिशेब आधी मांडला पाहिजे.

चौथा विचार रात्रीच टाकीत ब्लीच ओतण्याचा. नवरा कॅनही घेऊन आला होता. पण त्याआधी त्यांनी राज्याच्या पेयजल विभागाच्या तातडीच्या क्रमांकावर फोन केला आणि तिथल्या माणसाने थांबवलं. आधी नमुने घ्या, मग क्लोरीन. आत्ता ब्लीच टाकलं तर उद्याचे नमुने स्वच्छ येतील, पण झऱ्यावर काय बिघडलंय ते कळणारच नाही. शिवाय गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्ची पडतं, म्हणून आधी गाळ काढायला हवा. त्या एका फोनने पुढचा सगळा क्रम सरळ लागला.

काय केलं

मंगळवारी रात्रीच खोल्याखोल्यांत जाऊन सांगितलं : पाणी तपासणीत शंका आली आहे, निकाल यायचा आहे, तोवर पिण्यासाठी आणि दात घासण्यासाठी हे बाटलीबंद पाणी वापरा. कॅफेतलं बर्फाचं यंत्र आणि सरबताची मशीन बंद केली, कच्च्या भाज्या बंद, ताटल्या कागदी. कॉफी फक्त स्वयंपाकघरात, बाटलीच्या पाण्याची. केबिनमधली कॉफी यंत्रं उचलून आणली, कारण ती पाणी तापवतात पण खळखळ उकळत नाहीत. मुक्कामाला जर्मन आणि फ्रेंच पाहुणे बरेच असतात, म्हणून प्रत्येक बेसिनवर नळाचं चित्र काढून त्यावर लाल फुली मारली. उपाय साधा, पण सगळ्यांना कळणारा.

बुधवारी सकाळी नमुने घेतले आणि त्यानंतर नवरा झऱ्यापर्यंत चढून गेला. पेटीच्या वरच्या अंगाला पावसाचं पाणी बाजूला वळवणारा चर असतो. तो गाळाने काठोकाठ भरलेला. पुराचं पाणी चरावरून उडी मारून थेट पेटीवर आलं होतं. झाकणाखालचं रबर कडक होऊन तडकलेलं. ओव्हरफ्लोच्या पाइपवरची जाळी फाटलेली. आणि वरच्या बाजूला गुरांचं शेण. कारण शोधायला लॅबची गरजच उरली नाही.

गुरुवारी संध्याकाळी निकाल आला : झऱ्याच्या आणि एका नळाच्या नमुन्यात ई. कोलाय. आता कायद्याची सगळी कलमं जागी झाली. २४ तासांत लेखी सूचना, पाणी उकळूनच वापरण्याचा आदेश, ३० दिवसांत राज्याने मान्य केलेल्या तज्ज्ञाकडून पूर्ण पाहणी. पाहुण्यांच्या दृष्टीने मात्र गुरुवारी रात्री फारसं काही बदललं नाही, कारण दोन दिवस ते बाटलीचंच पाणी पीत होते.

शुक्रवारपासूनच्या बुकिंगचं काय करायचं हा निर्णय गुरुवारी रात्री झाला, आणि मला तो फार विचारी वाटतो. ज्यांच्या येण्याला एकाहून जास्त दिवस बाकी होता त्यांना गाठून सगळी परिस्थिती सांगितली, पूर्ण पैसे परत देऊ केले आणि दुसरीकडे खोली शोधायला मदत केली. जे येऊन पोचणारच होते त्यांच्यासाठी खोल्या कमी दरात उघड्या ठेवल्या. आरोग्य विभागाशी बोलून कॅफे फक्त पाकीटबंद खाण्यापुरतं चालू राहिलं. टँकरने पाणी आणायचाही प्रयत्न झाला, पण पिण्याच्या पाण्याचा परवाना असलेला टँकर सुट्टीनंतरच मिळणार होता, आणि दूषित टाकीत चांगलं पाणी ओतून काही साधलंही नसतं.

उकळण्याबाबत एक गोंधळ झाला. इंटरनेटवर कुठे एक मिनिट लिहिलेलं, कुठे तीन. दोन्ही बरोबर आहेत. ६,५०० फुटांपर्यंत पाणी खळखळून उकळू लागल्यावर एक मिनिट, त्याहून वर तीन मिनिटं, कारण उंचावर पाणी कमी तापमानालाच उकळतं. लॉज खाली आहे, त्याला एक मिनिट पुरे. पण इथून पाणी भरून डोंगरावर तंबू ठोकायला जाणारेही असतात, आणि या भागातला १२ क्रमांकाचा रस्ता बोल्डर माउंटनवर ९,६०० फुटांपर्यंत चढतो. म्हणून पाटीवर सरळ तीन मिनिटं लिहिली.

दाराबाहेरचा नळ

आत सगळं शिस्तीत झालं. बाहेरच्या नळावर मात्र मंगळवारी रात्री पुठ्ठ्याची एक पाटी टांगली आणि विषय तिथेच सोडला. तो नळ लॉजच्या पाहुण्यांचा नव्हता, त्यामुळे यादीत कुठेच बसत नव्हता. बंद करायला मन धजत नव्हतं हेही खरं. उन्हाळ्यात इथे पारा ३८ अंशांच्या वर जातो आणि पुढचं खात्रीचं पाणी कित्येक मैलांवर. वाळवंटातला नळ बंद करण्याचा निर्णय कोणालाच हलका वाटू नये.

बुधवारी पहाटे उजाडायच्या आत दोन सायकलस्वार तिथे बाटल्या भरून गेले. सॅन फ्रान्सिस्कोहून कोलोरॅडोतल्या प्वेब्लोपर्यंत जाणारा ‘वेस्टर्न एक्सप्रेस’ हा सायकल मार्ग दक्षिण युटातून जातो, आणि हे लोक ऊन टाळायला अंधारातच निघतात. पुठ्ठा त्यांना दिसलाच नाही. कोणीतरी खिडकीतून त्यांना पाहिलं होतं. मालकीणबाई ट्रकमध्ये पाण्याचे खोके टाकून मागे गेल्या आणि वीसेक मैलांवर त्यांना गाठून पाणी बदलून दिलं. त्या दोघांना गाठता आलं. त्यांच्या आधी किती जणांनी कॅन भरून नेले, ते कोण होते, हे शोधायचा काहीच मार्ग नव्हता.

त्यानंतर नळाची मूठच काढून टाकली आणि शेजारी सावलीत बाटल्यांचे खोके ठेवले, फुकट, रात्रंदिवस, वर दिवा लावून. नळ बंद करणं आणि पाणी देणं ही दोन कामं एकत्रच व्हायला हवी होती, आणि मंगळवारी रात्रीच व्हायला हवी होती.

निष्पत्ती

सुट्टी संपल्यावर पेटी उपसून घासली, टाकी आणि पाइप जास्त मात्रेच्या क्लोरीनने रात्रभर भरून ठेवले. ते पाणी मैलाटाकीत सोडलं नाही, कारण तिथले जंतू मेले तर तीही बंद पडते. त्यातलं क्लोरीन निष्प्रभ करून ते सपाट मुरमाड जागेत सोडलं. सलग दोन वेळा नमुने स्वच्छ आल्यावर राज्याने सूचना मागे घेतली. कोणी आजारी पडल्याचं लॉजपर्यंत आलं नाही. पाहुणे दुसऱ्या दिवशी शेकडो मैल पुढे गेलेले असतात, त्यामुळे यावरून कोणीच आजारी पडलं नाही असं मी म्हणणार नाही.

पैशाचं नुकसान झालं, हंगामाचा नफा जवळपास गेला. इंटरनेटवर दोन-तीन कडक शेरे आले. त्यातला एक रास्त होता. रात्री उशिरा पोचल्यावर प्रथमच कळलं, आधी का नाही सांगितलं, असं त्या कुटुंबाचं म्हणणं होतं. बुकिंगच्या संकेतस्थळावर गुरुवारी रात्रीच ठळक सूचना टाकता आली असती, ती शनिवारी टाकली गेली. उलट मंगळवारी मुक्कामाला असलेल्या बऱ्याच जणांनी नंतर आवर्जून लिहिलं की आम्हाला लगेच सांगितलं, म्हणून पुन्हा येऊ.

काय वेगळं करता आलं असतं

मला सर्वांत जास्त टोचते ती ट्रेलरची गोष्ट. त्या हंगामी मुलांच्या ट्रेलरला पाणी त्याच टाकीतून जातं. मंगळवारी रात्री पाहुण्यांना बाटल्या वाटणारी तीच मुलं होती. पण त्यांच्या स्वतःच्या ट्रेलरमध्ये बाटल्या पोचल्या बुधवारी दुपारी, तेही एका मुलीने विचारलं म्हणून. कोणी मुद्दाम वगळलं नव्हतं. ‘सगळ्यांना कळवा’ म्हणताना डोळ्यांसमोर खोल्यांचे क्रमांक आले, माणसं आली नाहीत. आता भिंतीवर पाण्याच्या पाइपचा नकाशा लावला आहे. सूचना द्यायची वेळ आली की बुकिंगची वही बाजूला ठेवून नकाशावरच्या प्रत्येक तोटीपाशी जायचं असं ठरलं आहे.

दुसरी गोष्ट कॅलेंडरची. महिन्याचा नमुना योगायोगाने पुरानंतर दोन दिवसांनी आला. तो आधीच्या आठवड्यात घेतला असता तर पुढचे तीन-चार आठवडे कोणाला पत्ता लागला नसता. आता घळीतून लोंढा आला की त्याच दिवशी, रस्ता मोकळा झाल्याबरोबर, कोणीतरी पेटीपर्यंत चढून जातं आणि जादा नमुना लॅबला जातो. चर दर वसंतात उपसतात, जाळी आणि रबर दर वर्षी बदलतात, वर कुंपण घातलं आहे. क्लोरीनचा पंप बसला. चव थोडी बदलली आहे, आणि पाटीवरचे ‘झऱ्याचं पाणी’ हे शब्द रंगवून पुसले आहेत. साधेपणा हा अशा लॉजचा खरा गुण आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. उघडे वासे असोत, दगडी भिंती असोत, टीव्ही नसो. पण पाण्याचं ‘जसं आलं तसं’ असणं त्या गुणात मोजायला नको होतं.

एक मोठा प्रश्न अजून सुटलेला नाही. पुराचं पाणी इतक्या सहज पेटीत आलं म्हणून या झऱ्यावर पृष्ठभागावरच्या पाण्याचा थेट परिणाम होतो का, याची तपासणी राज्याने सुरू केली आहे. तसं ठरलं तर नुसतं क्लोरीन पुरणार नाही, गाळण यंत्रणा लागेल, आणि ती चालवायला प्रशिक्षित माणूस. दुसरा मार्ग खोल विहीर खणण्याचा, पण या खडकात किती खोल जावं लागेल आणि लागलेलं पाणी पिण्याजोगं असेल का, याची हमी खणणारा देत नाही. नवरा गाळण यंत्रणेच्या बाजूने आहे, बायको विहिरीच्या. निकाल येईपर्यंत दोन्हींचे दरपत्रक मागवून ठेवले आहेत.